पावसाळ्याची बेगमी: आधी पाणी, मग धान्य

मे महिना लागला की या सदरात लोणच्या-पापडाचे प्रश्न येतात, पण यंदा पत्रांचा ढीग आलाय तो पुराच्या तयारीचा. घरात काय भरून ठेवायचं, किती भरायचं, कुठे ठेवायचं. खूप बरं वाटलं, कारण हे प्रश्न मे महिन्यातच पडायला हवेत, जुलैत नाही. सगळी पत्रं छापता येत नाहीत म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं गाळलीत.

ताई, आमच्याकडे वर्षाचे गहू, तांदूळ, डाळी सगळं भरलेलं असतं. तरी 2019 च्या पुरात आमचे फार हाल झाले. आम्ही पहिल्या मजल्यावर, घरात पाणी आलं नाही पण खालून सगळा वेढा. माणसं चार. नक्की काय कमी पडलं तेच कळत नाही. – एक गृहिणी, सांगली

तुमच्या पत्रातच उत्तर आहे बघा. धान्य होतं, ते शिजवायला पाणी नव्हतं. 2019 ला कोल्हापुरात काय झालं आठवा, नदीचं पाणी उपसा केंद्रांत शिरलं, पंप बंद पडले आणि चहूकडे पाणीच पाणी असताना घरातले नळ कोरडे. पुणे-बंगळूर हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, तो आठवडाभर सुटला नाही, त्यामुळे दूध, पेट्रोल, गॅस सगळंच अडकलं. म्हणून मी प्रत्येकाला सांगते की पुराची तयारी म्हणजे आधी पाणी, मग शिजवायची सोय आणि धान्य सगळ्यात शेवटी, कारण आपल्याकडे घरात धान्य तसंही असतंच.

आता हिशोब. पिण्याला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी दिवसाला साधारण 4 लिटर धरा. चार माणसं, सात दिवस, म्हणजे 112 लिटर. वीस लिटरचे पाच कॅन आणि वर एखादी कळशी. ऐकायला जास्त वाटतं पण दोन पलंगांखाली बसतं. भांडी, हातपाय, संडास यांचं पाणी वेगळं, त्याला ड्रम, बादल्या, टब, जे रिकामं असेल ते पावसाचा जोर वाढला की भरून टाकायचं. आणि गच्चीवरच्या टाकीवर विसंबू नका, कारण लाइट गेली की खालचं पाणी वर चढत नाही, आणि जमिनीतल्या टाकीत पुराचं पाणी शिरलं तर ते गटाराचं पाणी झालं, ते पंपानं वर चढवलं की वरचीपण टाकी खराब. सोसायटीत असाल तर पाणी अंगणात दिसायच्या आधीच वरची टाकी काठोकाठ भरून घ्या आणि मग वॉचमनला पंप बंद करायला सांगा.

कॅन खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठीचेच घ्या. औषध फवारणीचे, ऑइलचे, फिनाइलचे डबे कितीही धुतले तरी नको, प्लास्टिक वास धरून ठेवतं आणि नुसता वासच नाही. नळाचं क्लोरीनचं पाणी थेट कॅनमध्ये भरा, झाकण घट्ट लावा, उन्हात ठेवू नका, शेवाळ धरतं. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी ते पाणी धुण्याला किंवा झाडांना वापरून परत भरायचं. विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर क्लोरीनचे थेंब मिळतात ते बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबा. घरातला आरओ लाइटशिवाय चालत नाही हे बऱ्याच जणांच्या लाइट गेल्यावरच लक्षात येतं, म्हणून साधा कँडलचा फिल्टर, वरून ओता खाली गळेल असा, माळ्यावर असेल तर खाली काढून धुऊन ठेवा.

मग शिजवायचं. कडधान्यांना भिजवायलाच केवढं पाणी लागतं, राजमा-छोले शिजायला गॅस किती जातो, म्हणून पुराच्या डब्यात ती नकोत. मुगाची डाळ, मसूर, तांदूळ, जाड रवा, शेवया, थालीपिठाची भाजणी, हे लवकर होतं. माझा अंदाज, चौघांना आठवड्याला 3 किलो तांदूळ, 4 किलो कणीक, दीड किलो डाळी, 1 लिटर तेल, मीठ-तिखट, चहा-साखर. मोठी खाणारी पोरं असतील तर वाढवा. खिचडी कुकरमध्येच करा, उघड्या पातेल्यात करत बसू नका. दुसरा सिलिंडर असेल तर तो जूनच्या आधी भरून घ्या.

आणि गॅस संपलाच तर? त्यासाठी न शिजवता खायचं दोन-तीन दिवसांचं वेगळं काढा. भडंग तर तुमच्याच भागातलं, चुरमुरे, डाळं, शेंगदाणे, गूळ, खजूर, राजगिऱ्याच्या वड्या, सातूचं पीठ, ते नुसतं पाण्यात गूळ घालून कालवलं तरी पोट भरतं, लहान-मोठ्या सगळ्यांना चालतं. पातळ पोहे कच्चं तेल, तिखट, मीठ लावून. शेंगदाण्याची चटणी. पाऊस वाढतोय असं दिसलं की त्याच दिवशी दशम्या करून ठेवा, दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस सहज राहतात. फरसाण, पापड, लोणचं यांच्यावर मात्र भर देऊ नका, खारट खाल्लं की तहान लागते आणि पाणी तर मोजूनच आहे.

मी बंगळूरला नोकरी करते. आई-बाबा कोल्हापुरात दोघंच असतात, दोघंही सत्तरीच्या पुढचे, बाबांना शुगर, इन्सुलिन चालू. घर नदीपासून लांब नाही. इथून मी काय करू शकते? फोनवर विचारलं की म्हणतात सगळं आहे घरात. – एक मुलगी

सगळं आहे असंच म्हणणार गं ती, मुलांना काळजी नको म्हणून. फोनवर विचारू नकोस, मे-जूनमध्ये एकदा ये आणि स्वतः डबे उघडून बघ.

पहिली गोष्ट, वीस लिटरचा कॅन म्हणजे वीस किलो वजन. सत्तरीच्या माणसानं तो उचलायचा नाही, कंबर धरली तर पुरात डॉक्टर कुठून आणणार. त्यांच्यासाठी पाच-पाच लिटरचे कॅन घे, हाताशी येतील अशा उंचीवर ठेव, स्टुलावर चढून काढायला लागेल असं काही नको.

औषधं निदान एक महिन्याची जास्तीची, चिठ्ठीच्या झेरॉक्ससकट प्लास्टिकच्या पिशवीत. इन्सुलिनचं बरेच जण घाबरतात की लाइट गेली, फ्रिज बंद पडला, आता वाया गेलं. तसं लगेच होत नाही, चालू असलेली बाटली किंवा पेन थंड जागी साधारण चार आठवडे चालतं, तरी तुमच्या कंपनीच्या कागदावर काय लिहिलंय ते वाच आणि डॉक्टरांना विचारून ठेव. मडक्यात मडकं ठेवायचं, मधल्या जागेत ओली वाळू, आतल्या मडक्यात डबीत इन्सुलिन, वर ओलं फडकं. पावसाळी दमट हवेत मडकं उन्हाळ्याइतकं थंड होणार नाही पण तेव्हा हवापण तापलेली नसते. बर्फाला चिकटवून कधीच ठेवायचं नाही, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. आणि बाबांच्या उशाशी साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी हवीच. पुरात जेवणाची वेळ चुकते, इंजेक्शन मात्र सवयीनं घेतलं जातं आणि शुगर एकदम खाली येते, हा धोका आईला नीट समजावून सांग.

दुसरी गोष्ट साठ्याहून मोठी. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 ला दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं. तुमच्या गल्लीत किती फुटाला पाणी येतं हे शेजारच्या जुन्या माणसांना पाठ असतं, ते विचारून घे आणि आत्ताच ठरवा की अमुक फुटाला आई-बाबा घर सोडून नातेवाइकांकडे जाणार. त्या दिवशी चर्चा नको, आणायला कोण येणार तेपण आत्ताच ठरलेलं हवं. घरात महिन्याचं खाणं भरलंय म्हणून म्हातारी माणसं घर सोडायला तयार होत नाहीत असं मी किती घरांत पाहिलंय, म्हणून त्यांच्यापुढे साठ्याचं कौतुक फार करू नकोस.

22 जुलै 2021 ला चिपळुणात आमचं तळमजल्याचं घर बुडालं, माळ्यावरचं धान्यपण गेलं. मग हे भरून ठेवण्याचा उपयोग काय? – एक वाचक, चिपळूण

तुमचा राग समजू शकते. सांगलीत पाणी हळूहळू चढतं, दोन-तीन दिवस आकडे येत राहतात, तुमच्या वाशिष्ठी नदीचं तसं नाही, रात्रीत आणि पहाटे काही तासांत चढलं ते पाणी. म्हणून तुमच्यासाठी वेगळं सांगते, तळमजल्यावर राहणाऱ्यांनी सगळं एका जागी ठेवायचंच नाही. एक भाग घरात, एक भाग वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे किंवा उंचावरच्या पाहुण्यांकडे, आणि तिसरा भाग पाठीवरच्या सॅकमध्ये दाराशी तयार. सॅकमध्ये माणशी दोन लिटर पाणी, दोन दिवसांचं कोरडं खाणं, औषधं, बॅटरी, शिट्टी, काडेपेटी प्लास्टिकमध्ये, कागदपत्रांच्या प्रती, थोडी रोख रक्कम सुट्ट्यात, कारण लाइट नसताना एटीएम आणि मोबाइलचं पेमेंट दोन्ही बंद. ती सॅक तुम्हाला उचलून जिना चढता आला पाहिजे, भरून एकदा चढून बघा.

शेजाऱ्यांकडे डबा ठेवायला संकोच वाटतो काहींना. वाटू देऊ नका. त्यांचं घर तुम्ही चढून जाणारच आहात, मग तुमच्या वाटचं खाणं-पाणी तिथे आधीपासून असलं तर त्यांच्यावर भार नाही.

घरात जो भाग ठेवाल तो झाकणाला रिंग असलेल्या निळ्या ड्रममध्ये ठेवा, आत परत पिशव्यांमध्ये बांधून. ड्रम पाण्यात तरंगतो, म्हणून तो खांबाला किंवा खिडकीच्या गजाला दोरीनं बांधून ठेवायचा. गॅसच्या सिलिंडरचंही तेच, रेग्युलेटर काढून, टोपण लावून, साखळीनं बांधायचा. भरलेला सिलिंडरसुद्धा तरंगतो, लोकांना खरं वाटत नाही, पण तरंगतो आणि कुठेतरी जाऊन आपटतो.

निसर्ग वादळानंतर आमच्या गावात कितीतरी आठवडे लाइट नव्हती. विहीर आहे पण पंपावर. विहिरीत झाडाचा पाला, घाण पडली होती, ती कशी शुद्ध करायची? – एक शिक्षिका, दापोली तालुका

3 जून 2020 चं वादळ ना, आमच्याकडे त्या वेळची खूप पत्रं आहेत, श्रीवर्धनपासून मंडणगडपर्यंतची. सगळ्यांचं म्हणणं एकच, विहिरीत पाणी दिसतंय आणि काढता येत नाही. पंप आला की रहाट गेला, काही विहिरींवर तर लोखंडी जाळी टाकून वेल्डिंग केलेलं. जाळीला झडप करून घ्या, एक कप्पी आणि चांगला जाड दोर, दोन बादल्या घरात असू द्या. खर्च फार नाही. वाडीत मिळून एक रहाट नीट केला तरी दहा घरांचं भागतं.

शुद्ध करण्याबद्दल. आधी पाला, काटक्या, मेलेलं काही असेल तर काढायचं, शक्य असेल तितकं गढूळ पाणी उपसून टाकायचं. मग टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, ती ग्रामपंचायतीत असते. प्रमाण 1000 लिटरला 2.5 ग्रॅम, चांगली ताजी पावडर असेल तर. विहिरीतलं पाणी किती हे काढायला रुंदीचा म्हणजे व्यासाचा निम्मा आकडा घ्या, त्याला त्यानंच गुणा, मग 3.14 नं, मग पाण्याच्या खोलीनं, सगळं मीटरमध्ये, आणि शेवटी 1000 नं गुणलं की लिटर. समजा विहीर 3 मीटर रुंद आणि पाणी 4 मीटर, तर ते होतं साधारण 28,000 लिटर, म्हणजे 70 ग्रॅम पावडर. ती कोरडी फेकायची नाही, बादलीत आधी थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली पाऊण भरून ढवळून पाच-दहा मिनिटं ठेवायची, खाली चुना बसतो, तो विहिरीत टाकायचा नाही, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली विहिरीत खाली सोडून वर-खाली हलवायची. संध्याकाळी टाका, सकाळी वापरा, निदान एक तास तरी थांबायलाच हवं. पावडरची पिशवी उघडी राहिली, ओल लागली की तिचा जोर जातो, आणि पुराचं किंवा संडासाचं पाणी विहिरीत शिरलेलं असेल तर या प्रमाणानं भागत नाही, तेव्हा आरोग्यसेवकांना बोलवा, पाणी तपासून घ्या आणि तोपर्यंत उकळूनच प्या. खळाखळा उकळी आल्यावर एक मिनिट पुरे, वीस मिनिटं उकळत ठेवून सरपण जाळू नका.

तुरटीबद्दलही विचारलंय. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. आधी तुरटी फिरवा, निवळलं की गाळा आणि मग क्लोरीन किंवा उकळी. नुसती तुरटी फिरवलेलं स्वच्छ दिसणारं पाणी पिऊन जुलाब झालेले लोक आहेत.

खाण्याचं तुमच्याकडे मला काही सांगायला नको, आगोटीला म्हणजे पावसाच्या आधी सुकट, बोंबील, कुळथाचं पीठ, आमसुलं भरायची पद्धत कोकणात आहेच, ती मोडू नका. पिठी तर दहा मिनिटांत होते. फ्रिजमधल्या मासळीचं मात्र जपा, दार न उघडता फ्रिज चार तास थंड राहतो, तेवढ्यात ती शिजवून संपवायची नाहीतर टाकायची.

बाळ आठ महिन्यांचं आहे. पूर आला तर त्याच्यासाठी काय ठेवू? – एक आई, इचलकरंजी

अंगावरचं दूध चालू असेल तर ते बंद करू नका, पुरात त्याच्यासारखं सुरक्षित दुसरं काही नाही, आणि म्हणून घरात सगळ्यात आधी पाणी आणि खाणं तुम्हाला मिळालं पाहिजे, हे तुमच्या सासूबाईंना आणि नवऱ्याला वाचून दाखवा. वरच्या खाण्याला नाचणीचं सत्त्व, मूगडाळ-तांदळाची भाजून दळलेली पेज, थोडं तूप. पावडरचं दूध लागतच असेल तर ते उकळलेल्या पाण्यातच, आणि बाटलीनं नाही, वाटी-चमच्यानं, कारण बाटली उकळायला पाणी आणि गॅस दोन्ही नसतं. ओआरएसची पाकिटं ठेवा. पाकीट नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मीठ जास्त पडता कामा नये, अंदाजानं चिमटी टाकू नका, मोजा. आणि जुलाब थांबत नसतील, बाळ मलूल पडलं, शू कमी झाली तर नावेतून का होईना, दवाखान्यात न्यायचंच.

आम्ही तिघं पुण्यात एका खोलीत राहतो. जागा नाही, पैसे नाहीत. आणि असं भरून ठेवणं म्हणजे साठेबाजी नाही का? 2020 च्या लॉकडाऊनला लोकांनी दुकानं रिकामी केली तसं. – तीन मित्र

24 मार्च 2020 ला रात्री आठला घोषणा झाली आणि लगेच दुकानांपुढे रांगा लागल्या, खरंय. पण विचार करा, त्या रांगेत कोण होतं? ज्यांच्या घरात काहीच नव्हतं ते, आणि ज्यांना आणखी हवं होतं ते. पहिल्या लोकांच्या घरात आठवड्याचं असतं तर रांग तेवढीच कमी झाली असती, आणि रोजच्या रोज कमावून आणणाऱ्याला दुकानात काहीतरी शिल्लक मिळालं असतं. इशारा नसताना दर आठवड्याला एक किलो पोहे, अर्धा किलो डाळ जास्त आणली तर कुणाचं काही हिरावलं जात नाही. इशारा आल्यावर दहा किलो आणलं तर ते बरोबर नाहीच.

तुम्हा तिघांना एक वीस लिटरचा जार कायम भरलेला जास्तीचा, आणि एक डबा पोहे, शेंगदाणे, गूळ, खजूर, एवढं आज करा. डब्यातलं खात राहा आणि भरत राहा, म्हणजे जुनं होत नाही.

गव्हात ठेवायच्या गोळ्या दुकानातून आणल्या तर चालतील का? पावसाळ्यात पोरकिडे फार होतात. – एक वाचक, लातूर

ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या असतील तर घरात आणूच नका, एकसुद्धा. त्यांना हवेतली ओल लागली की विषारी वायू सुटतो, झोपेतल्या माणसांचे जीव गेलेत, लहान मुलांचे आधी. त्या गोदामासाठी आहेत. घरी उन्हात दोन दिवस कडक वाळवलेलं धान्य, डाळीला एरंडेलाचा हात, गव्हात सुकवलेला कडुलिंबाचा पाला, एवढं पुरतं. बोरिक पावडर लावायची पद्धत आहे काही घरांत, पण पुरात धान्य तीनदा धुवायला पाणी कुठून आणणार, म्हणून पुरासाठी काढलेल्या डब्यात ती नको.

पूर ओसरल्यावर साठ्यातलं काय वापरायचं आणि काय टाकायचं? – कोल्हापूर, शिरोळ आणि महाड इथून आलेली पत्रं

पुराचं पाणी लागलेलं पोत्यातलं, कागदी किंवा पातळ प्लास्टिकच्या पुड्यातलं सगळं टाकायचं, वाळवून गिरणीत नेऊ नका, त्या पाण्यात संडासाचं, मेलेल्या जनावरांचं, डिझेलचं सगळं मिसळलेलं असतं. जीव तुटतो, वर्षाचं धान्य असतं ते, मला माहितीय. पण ते जनावरांनाही घालू नका, बुरशी धरलेलं धान्य त्यांनाही बाधतं. फिरकीच्या झाकणाच्या बरण्या, लोणच्याच्या चिनी मातीच्या बरण्या, टोपणाच्या बाटल्या पाण्याखाली गेल्या असतील तर झाकणाच्या आट्यांत पाणी जातंच, तेही टाकायचं. कारखान्यातून बंद होऊन आलेले पत्र्याचे डबे फुगलेले, गंजलेले, चेपलेले नसतील तर कागद काढून साबणानं धुवा, क्लोरीनच्या पाण्यात बुडवून वाळवा आणि आत काय आहे ते पेननं वर लिहा. स्टीलची भांडी उकळत्या पाण्यातून काढा, लाकडी पोळपाट-लाटणं बदलाच.

टाकायच्या आधी एक काम, पंचनाम्याला माणसं येईपर्यंत पोत्यांचे, डब्यांचे, भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचे फोटो काढून ठेवा, आणि घाण उपसताना पायात गमबूट, हातात मोजे, जखम असेल तर चिखलात उतरूच नका. लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या पाण्या-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या, गोळ्या आरोग्य केंद्रात मिळतात, त्या कुणी आणि किती घ्यायच्या ते तिथल्या डॉक्टरांनाच विचारा, एकानं आणून घरभर वाटू नका.